मागून चालणाऱ्यांची बाजू

आमच्या शाळेतल्या मराठीच्या मॅडम कविता लिहितात. त्यांच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे कन्नड, पण कविता मराठीतच सुचते. सोलापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. पहिल्या संग्रहाची जुळवाजुळव चालली होती, तेव्हा त्यांनी झोपेत चालणाऱ्या माणसावरची एक कविता माझ्याकडे दिली. "मॅडम, गोडगोड लिहू नका. खरा अभिप्राय द्या," म्हणाल्या. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे दिवस होते. अभिप्राय त्यांच्या हातात पडला तेव्हा श्रावण लागला होता. दीड पानाच्या कवितेला एवढा वेळ का लागला, ते मला नीट सांगायचं आहे. आमचा नऊ वर्षांचा मुलगा त्याच दिवसांत रात्री झोपेत उठून चालत होता, आणि शाळेत मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

कविता अशी आहे. मध्यरात्री एक माणूस उठतो. दारं आपोआप उघडतात. नवी पेठेतली बंद दुकानं, भुईकोट किल्ल्याची भिंत, सिद्धेश्वर तलावाचा काठ असं करत तो चालत राहतो. स्वप्नानं त्याचा हात धरलेला आहे. त्याच्या पायांना वाट पाठ आहे. एका गच्चीच्या कठड्यापाशी तो थांबतो आणि खाली पाहतो, पण भीती नाही. शेवटच्या कडव्यात कवयित्री गावाला सांगते की याला उठवू नका, झोपलेले आपण आहोत, तोच एकटा जागा आहे.

कविता म्हणून ती चांगली आहे, हे मला पहिल्याच वाचनात कळलं होतं. ओळी आखूड, पावलांच्या अंतरानं पडणाऱ्या. मधल्या दोन कडव्यांत क्रियापदं आहेत आणि कर्ताच नाही. चालणं घडतंय, पण चालणारा कुणी नाही. हे ज्याला सुचलं त्याला झोपेतलं चालणं आतून कळलं आहे असं मी समासात लिहिलं. खाली शेवटचं कडवं होतं. ते वाचून मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि पुढचे बरेच दिवस बाहेर काढला नाही. मला राग आला होता.

राग कशाचा, ते आमच्या घरातल्या रात्री सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

आम्ही भवानी पेठेत राहतो. ह्यांची नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, पाळी बदलत राहते. मुलगा दहाला झोपतो. सव्वाअकरा ते पावणेबाराच्या मध्ये केव्हातरी तो अंथरुणात उठून बसायचा. डोळे सताड उघडे. मग उठून सरळ बाहेरच्या दाराकडे. मी विचारायचे, "काय करायलास रे?" तो म्हणायचा, "चाललो." कुठे, ते नाही. माझ्या तोंडाकडे बघायचा, पण त्या बघण्यात मी नसायचे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझे हात गार पडले होते. आपलंच लेकरू समोर उभं आहे आणि आपण त्याला दिसत नाही, हे सोसायला फार जड जातं. सकाळी त्याला यातलं काहीच आठवायचं नाही. तो मजेत दूध पिऊन शाळेला जायचा आणि मी पहिल्या तासाला फळ्यासमोर उभी राहून जांभया आवरायचे.

पायांना वाट पाठ असते, हे कवितेतलं म्हणणं खरं आहे. अंधारात तो शिवणयंत्राला वळसा घालायचा, उंबरा बरोबर ओलांडायचा. पण आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड सुटतं. कधी रात्री अकराला, कधी पहाटे तीनला. पाणी यायचं असलं की आम्ही मोठा ड्रम मागच्या खोलीतून बोळात आणून ठेवतो. एका रात्री तो बोळातून निघाला आणि धाडकन ड्रमवर आदळला. गुडघा फुटला, रक्त आलं, आणि तरीही तो जागा झाला नाही. त्या रात्री मला उमगलं की पायांना कालचं घर पाठ असतं, आजचं नव्हे. कविता वाचताना मला तो ड्रम दिसत होता. तलावाच्या काठानं स्वप्नाचा हात धरून जाणारा तो माणूस मला मान्यच होईना.

शेजारपाजारच्यांना कुणकुण लागली होती. कुणी चकवा म्हणालं, कुणी बाहेरचं म्हणालं. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. मी अडवलं नाही. पोराच्या काळजीनंच त्या ते करत होत्या. पण "झोपेत चालणाऱ्याला उठवलं तर जीव जातो" असं एक शेजारीण सांगून गेली, तेव्हा मात्र मी बालरोगतज्ज्ञांकडे जायचं ठरवलं.

डॉक्टरांनी आधी आम्हालाच खूप प्रश्न विचारले. झोप लागल्यावर किती वेळानं उठतो? एका रात्रीत एकदाच की पुन्हापुन्हा? प्रत्येक वेळी हातापायांची हालचाल अगदी तशीच असते का? घोरतो का, तोंडानं श्वास घेतो का? अंथरूण ओलं होतं का? ताप आला की वाढतं का? घरात आणखी कुणाला होतं का? ह्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ त्यांनी दोनदा पाहिला. झोपेतली फिट आणि झोपेतलं चालणं यांत गल्लत होऊ शकते, म्हणून हे सगळं विचारावं लागतं, असं ते म्हणाले. फिट साधारण थोडा वेळ टिकते, एकाच साच्यात येते, रात्रीतून अनेकदा आणि कुठल्याही प्रहरी येऊ शकते. रात्रीचे तीन भाग केले तर चालणं बहुतेक पहिल्या भागात असतं. टॉन्सिल वाढून श्वास अडत असेल तर त्यानंही गाढ झोप मोडते, म्हणून घसाही तपासला. औषध दिलं नाही. झोपेची वही ठेवायला सांगितली.

उठवल्यानं जीव जात नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मूल गोंधळतं, घाबरतं, कधी हात उगारतं, एवढंच. म्हणून हलवायचं नाही, ओरडायचं नाही. खांद्याला हलका हात लावून, खालच्या आवाजात बोलत अंथरुणाकडे वळवायचं.

त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. झोपेतलं चालणं स्वप्नातलं नसतं. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू शरीराच्या स्नायूंना जवळजवळ सैल सोडून देतो, म्हणून आपण स्वप्नात पळतो आणि अंथरुणातच असतो. चालणं होतं ते त्याच्या आधीच्या, सगळ्यांत गाढ झोपेतून. ती झोप अर्धवट मोडते. मेंदूचा काही भाग जागा होतो, काही झोपेतच राहतो. स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी एका 16 वर्षांच्या मुलाच्या मेंदूतला रक्तप्रवाह तो झोपेत चालत असतानाच टिपला होता. 2000 साली तो शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. हालचालींशी जोडलेल्या भागात रक्त वाढलेलं आणि विचार, निर्णय, भान सांभाळणाऱ्या पुढच्या भागात कमी झालेलं दिसलं. ह्यांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मागाची मोटर चालू आणि मागावर माणूस नाही." मला याहून नेमकं कधी सांगता आलं नसतं.

आपल्याकडे जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती, म्हणजे स्वप्नाविना गाढ झोप, अशा अवस्था सांगितल्या आहेत. मुलगा सुषुप्तीतून उठून येत होता आणि कविता त्याला स्वप्नात चालवत होती. मोठ्या माणसांपैकी काहींना अशा चालण्यामागचं एखादं दृश्य पुढे आठवतं, असं मी नंतर वाचलं, त्यामुळे कविता अगदीच चूक नाही. पण शेवटच्या कडव्यावर गीतेतल्या 'या निशा सर्वभूतानां'ची सावली आहे, आणि तिथे मी अडून बसले. सगळ्यांची रात्र असते तेव्हा जो जागा असतो, तो त्या श्लोकात संयमी आहे. ज्याला आपला फुटलेला गुडघा कळत नाही, त्याला तो मुकुट का चढवायचा?

मे महिन्याच्या सुट्टीत मी पहिला अभिप्राय लिहिला. नुसत्या हरकती होत्या त्यात. स्वप्न नसतं, कठड्यापाशी माणूस पडू शकतो, उठवू नका म्हणणं धोक्याचं आहे. वाचून पाहिलं तर ते एखाद्या आरोग्यपत्रकासारखं झालं होतं. कवितेला उत्तर असं द्यायचं नसतं. पण मग कसं?

तेव्हा मला शेक्सपिअरची आठवण झाली. 'मॅकबेथ' नाटकातली राणी, लेडी मॅकबेथ, झोपेत चालते तो पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश मी बी.ए.ला अभ्यासला होता. सगळ्यांना तिचे हात धुणं आठवतं, मलाही तेवढंच आठवत होतं. या खेपेला पुन्हा वाचला आणि माझं लक्ष तिच्यावरून उडून दासीवर गेलं. राणी उठते, लिहिते, कागद मिटते, पुन्हा निजते, हे सगळं ती दासी रात्रीमागून रात्री पाहते आहे. तिच्यासोबत दोन रात्री जागूनही डॉक्टरांना काही दिसलेलं नसतं, आणि त्यांना तिच्या सांगण्यावर शंका येऊ लागलेली असते. राणी झोपेत काय बोलली असं ते विचारतात, तर ती सांगायला नकार देते. आपल्या बोलण्याला साक्षीदार नाही, म्हणून. त्या प्रवेशात तिला नावही नाही. पण नाटककारानं तिला तिथं उभं केलं आहे. मॅडमच्या कवितेत मागून चालणारं कुणीच नव्हतं. माझ्या रागाचं मूळ मला तिथं सापडलं. तो माणूस तलावाच्या काठानं सुखरूप गेला, म्हणजे कुणीतरी त्याच्या मागून चालत असणारच आणि कवितेनं ते सांगितलं नाही, अशी माझी तक्रार होती.

आणि मग एका दुपारी मी ती कविता आईंना वाचून दाखवली. त्या शेंगा निवडत बसल्या होत्या, चटणी कुटायची होती. मी सहज वाचायला घेतली. खरं तर मला माझी तक्रार कुणापुढे तरी बोलून बघायची होती. कविता संपली. आईंनी सूप बाजूला ठेवलं.

"तुझे सासरे उठायचे गं," म्हणाल्या.

माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली. या घरात ही गोष्ट कधी कुणी काढली नव्हती. ह्यांनासुद्धा माहीत नव्हती.

सासरे मिलमध्ये होते. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलणाऱ्या. आई म्हणाल्या, भोंगा व्हायच्या कितीतरी आधी ते उठायचे, खुंटीवरचा सदरा घालायचे, डबा शोधायचे आणि निघायचे. पहिल्यांदा त्यांना वाटलं, पाळी असेल. मग कळलं, डोळे उघडे आहेत पण माणूस झोपेत आहे. "मी आपली मागनं जायची. हाक मारायची नाही. बोळाच्या तोंडाशी हात धरून वळवायची. पदराची गाठ त्यांच्या मनगटाला बांधून निजायची मी. ओढ लागली की जाग यायची."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगायचं? दोन पोरी होत्या की लग्नाच्या. बाप झपाटलाय म्हणाले असते."

साक्षीदार नाही म्हणून गप्प बसलेली ती दासी आणि सोयरिकी मोडतील म्हणून गप्प बसलेल्या आमच्या आई. मला पुढे काही विचारवेना. आईच मग म्हणाल्या, "ते कवितेतलं, पायाला वाट पाठ असती ते, ते खरं आहे हं. मिलची वाट होती त्यांची. एकदा पण चुकले नाहीत." ज्या ओळीवर मी इतकी चिडले होते, तीच आईंना सगळ्यांत खरी वाटली होती. माझ्या मुलाची वाट दारापर्यंतची, सासऱ्यांची जन्मभराची. एकच ओळ दोघींना वेगळी लागणारच.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना आजोबांचं सांगितलं. त्यांना ते महत्त्वाचं वाटलं, कारण हे घराण्यात उतरतं. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये मुलांना लहानपणापासून काही वर्षं पाहत केलेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडील दोघांपैकी कुणीच झोपेत चालत नसलेल्या मुलांपैकी 22.5 टक्के कधी ना कधी चालली होती. एक पालक चालत असेल तर 47.4 टक्के आणि दोघंही चालत असतील तर 61.5 टक्के. हे आकडे मी ह्यांना दाखवले. त्यांनी लगेच आईंना विचारलं, "मी चालायचो का लहानपणी?" आई म्हणाल्या, "दोन-चारदा. विसरलास ते बरंच." बाहेरचं काही नाही, हे आमच्या घरात त्या दिवशी कायमचं मिटलं. मीठ-मोहरी पुन्हा निघाली नाही.

वहीनंही काम केलं. तीत झोपायची वेळ, उठण्याची वेळ, ताप-सर्दी, पाणी कधी आलं आणि ह्यांची पाळी कुठली, एवढंच लिहीत होते. शेवटचे दोन रकाने मी आपले माझ्या हिशेबासाठी घातले होते. काही आठवड्यांनी पान समोर धरलं तर बहुतेक चालण्याच्या रात्री दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात पडत होत्या. पाळी अकराला सुटते, हे साडेअकराच्या सुमारास घरी येतात, लोखंडी फाटक करकरतं, कडी वाजते. त्यातून आदल्या रात्री पाण्यासाठी सगळं घर जागं झालेलं असलं, तर हमखास. अपुऱ्या झोपेनं पुढची झोप जास्त गाढ होते, आणि तशा झोपेत आवाज झाला की झोपेत चालण्याची प्रवृत्ती असलेला माणूस अर्धवट उठतो. डॉक्टरांनी मान डोलावली.

मग आम्ही जे केलं ते कवितेत न बसणारं. फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल. बाहेरच्या दाराला वरची कडी, त्याचा हात न पोचेल इतकी वर, आणि तिला एक छोटी घंटा. ड्रम बोळातून कायमचा हलवला. पाण्याला मी आणि हे आळीपाळीनं उठायचं, मुलाची खोली बंद. शिवाय डॉक्टरांनी सांगितलेला एक उपाय. तो नेहमी उठतो त्याच्या पंधरा मिनिटं ते अर्धा तास आधी आपणच त्याला हलकेच जागं करायचं, दोन शब्द बोलायचे आणि पुन्हा झोपू द्यायचं. काही आठवडे रोज, न चुकता. गाढ झोपेचा तो टप्पाच मोडतो. रोज अकराला मी त्याच्या उशाशी बसून विचारायचे, "उद्या डब्यात काय हवं?" तो म्हणायचा, "शेंगाचटणी-पोळी," आणि वळून झोपायचा. तो मला पाहून उत्तर देत होता, याचाच मला आनंद व्हायचा.

गच्चीवर झोपणं मात्र गेलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, पंख्याखाली भिंतीही तापलेल्या असतात. अख्खी पेठ गच्चीवर अंथरुणं टाकते. पोरांची तिथे रात्री उशिरापर्यंत धमाल चालते. आमचा कठडा मांडीइतका. या उन्हाळ्यात आम्ही सगळे खालीच झोपलो आणि मुलगा रुसून बसला. कवितेतल्या कठड्याच्या कडव्याला मी म्हणूनच कधीही चांगलं म्हणू शकणार नाही. मॅडमना मी तसं लिहिलं.

शेवटी लिहिलेला अभिप्राय तीन पानांचा झाला. कर्ता नसलेल्या क्रियापदांचं कौतुक पहिल्या परिच्छेदात, मनापासून. मग आमच्या घरातलं सगळं, ड्रमसकट. आईंची परवानगी घेऊन सासऱ्यांचंही. त्या नुसत्या म्हणाल्या, "लिही की. आता पोरींना नातवंडं झाली." शेवटी मी मॅडमना विचारलं की तुमच्या माणसाच्या मागे कोण चालतंय? आणि तुम्ही उठवू नका म्हणता ते बरोबर आहे, पण त्याला एकट्यानं जाऊ द्या असं का म्हणता?

मॅडमनी तो मधल्या सुट्टीत, माझ्यासमोरच वाचला. डोळे पुसले. कविता बदलणार नाही असं त्यांनी तिथेच सांगितलं, आणि मला ते आवडलं. कवितेतला माणूस आपल्याला तसाच एकटा दिसला, त्याच्या मागे कुणी घातलं तर ती दुसरी कविता होईल, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलेलं नाही. आम्ही यावर अजून बोलतो. पण त्यांना आईंना भेटायचं होतं.

आईंचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. रविवारी मॅडम आल्या आणि पाचेक मिनिटांत दोघी कन्नडमध्ये शिरल्या. मला निम्मंच कळत होतं. आई इतकं सलग बोलताना मी क्वचित पाहिलं आहे. हातवारे करून सदरा, डबा, बोळ, पदराची गाठ सांगत होत्या. मॅडमनी एक प्रश्न विचारला, जो मला इतक्या महिन्यांत सुचला नव्हता. चालणं थांबलं केव्हा? आईंनी उत्तर मराठीत दिलं, माझ्याकडे बघून. "मिल बंद पडली तेव्हा. घरात पैसा नव्हता, पण त्यांना रात्रीची झोप लागायला लागली. परत कधी उठले नाहीत."

हे दारातच उभे होते. त्या रात्री जेवताना ते फारसे बोलले नाहीत. सोमवारी त्यांनी सुपरवायझरकडे कायमची पहिली पाळी मागितली. पहिल्या पाळीला रात्रपाळीचा भत्ता नाही, हे दोघांनाही माहीत आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मुलगा गेल्या महिन्यात एकदाच उठला, तापात.